कविता शिकवता येते का? आठशे वर्षांपूर्वीच्या एका लॅटिन पाठ्यपुस्तकाचं उत्तर

मागणीप्रमाणे कविता लिहून देणारे संगणकीय प्रोग्रॅम हाताशी आल्यापासून एक जुना वाद पुन्हा पेटला आहे. कविता पायऱ्या पाडून करता येते का? करता येत असेल तर प्रतिभेचं काय? आणि येत नसेल तर काव्यलेखनाच्या कार्यशाळांमध्ये नेमकं शिकवतात काय?

हा प्रश्न युरोपात तेराव्या शतकाच्या तोंडावर एका शिक्षकाने फार गांभीर्याने हाताळला होता. त्याचं नाव जेफ्री ऑफ विन्सॉफ. त्याच्या पुस्तकाचं नाव ‘पोएट्रिया नोव्हा’, म्हणजे नवं काव्यशास्त्र. छपाईयंत्र यायला अजून अडीचशे वर्षं होती, तरी या पुस्तकाच्या दोनशेहून अधिक हस्तलिखित प्रती आजही शिल्लक आहेत. हाताने नकलून काढलेल्या पाठ्यपुस्तकासाठी हा आकडा फार मोठा आहे.

ते वाचताना आजचा वाचक बहुधा लवकरच वैतागतो. ‘विस्ताराचे आठ प्रकार’, ‘सुरुवातीचे आठ प्रकार’ अशा याद्या पाहून त्याला वाटतं, हे तर कवितेचं कारकुनी काम. हा समज चुकीचा आहे. पुस्तक कुणासाठी लिहिलं आणि त्यातल्या याद्या कशासाठी आहेत, हे कळलं की तो दूर होतो.

हे पुस्तक आहे तरी काय

१२००च्या सुमारास लिहायला घेतलेलं हे पुस्तक स्वतःच एक दीर्घ कविता आहे. ओळी सुमारे २,१००. इंग्लंडहून रोमला आलेल्या जेफ्रीने ते पोप इनोसंट तिसरा याला अर्पण केलं. इनोसंट ११९८ ते १२१६ या काळात पोपपदावर होता. पुस्तकाची मांडणी प्राचीन रोमन वक्तृत्वशास्त्राच्या पाच अंगांवर बेतलेली आहे: आशय शोधणं, त्याचा क्रम लावणं, त्याला शब्द देणं, तो लक्षात ठेवणं आणि लोकांसमोर म्हणणं.

मध्ययुगीन भाष्यकारांनी या पुस्तकाचं एक वैशिष्ट्य आवर्जून नोंदवलं आहे. जेफ्री कलेविषयी बोलतो आणि ते बोलणंही त्याच कलेने करतो. विस्तार शिकवताना तो ऐसपैस बोलतो, संक्षेप शिकवताना शब्द मोजून वापरतो. म्हणजे नियम आणि उदाहरण एकाच ओळीत. शिकणाऱ्याने दोन्ही एकदमच पाठ करायचं.

याचा नमुना पुस्तकाच्या पहिल्याच ओळीत सापडतो.

वृत्तात न मावणारं नाव

कविता ‘हेक्झामीटर’ या वृत्तात आहे. एका ओळीत सहा गण. हे गण आपल्या परिभाषेत सांगायचे तर एकतर ‘भ’ गण, म्हणजे गुरू-लघू-लघू, किंवा सलग दोन गुरू. शेवटचा गण दोनच अक्षरांचा. बाकी मोकळीक बरीच, पण एक अट कडक: दोन गुरूंच्या मध्ये एकटा लघू कधीच येऊ शकत नाही. म्हणजे आपला ‘र’ गण या वृत्तात बसतच नाही.

आणि ज्याला पुस्तक अर्पण करायचं त्या पोपचं लॅटिन नाव आहे ‘इन्नोसेंटियस’. पहिलं अक्षर गुरू, दुसरं लघू, तिसरं गुरू. सुरुवातीलाच ‘र’ गण. म्हणजे ज्याची स्तुती करायची त्याचं नावच ओळीत घेता येत नाही.

दुसरा कुणी असता तर ‘पवित्र पिता’ वगैरे पदवी वापरून मोकळा झाला असता. जेफ्री हीच अडचण कवितेचा विषय करतो. तो म्हणतो: तुझ्या नावाचं पहिलं अक्षर गाळलं तर नाव बिनडोक्याचं होतं, डोकं जोडलं तर ते वृत्ताचं वैरी ठरतं. पण नावाला तुझ्यासारखंच व्हायचं आहे. तुझं मोठेपण जसं कुठल्या मापात मावत नाही, तसं हे नावही छंदाच्या मापात मावत नाही. आणि मग तोडगा: नाव तोडा, ‘इन्’ वेगळं ठेवा, मागून ‘नोसेंटी’ जोडा, म्हणजे ते वृत्ताचं सोबती होतं.

इथे घडलं काय ते नीट पाहण्यासारखं आहे. तांत्रिक अडथळा आला, त्याच्यापासून पळ न काढता कारण विचारलं, आणि त्या कारणातूनच स्तुतीचा मुद्दा काढला. साऱ्या पुस्तकाची पद्धत या एका प्रसंगात दिसते. नियम माहीत नसता तर ही ओळ सुचलीच नसती.

कुणासाठी लिहिलं होतं

जेफ्रीचे वाचक होते लॅटिन शिकणारी मुलं आणि त्यांचे शिक्षक. लॅटिन तेव्हा कुणाचीच मातृभाषा उरली नव्हती. घरी इंग्रजी, फ्रेंच, जर्मन किंवा इटालियनची कुठलीतरी बोली बोलायची आणि शाळेत लॅटिन घोटायची. अशा मुलाला ‘मनात येईल ते लिही’ म्हणून चालत नाही, कारण मनात येतं ते दुसऱ्याच भाषेत.

दुसरी गोष्ट, विषय शोधण्याचा प्रश्नच नव्हता. ट्रॉयचं युद्ध, पुराणकथा, संतचरित्रं, नुकताच वारलेला राजा: विषय ठरलेले असत आणि सगळ्यांना ठाऊक असत. म्हणूनच पाच अंगांपैकी ‘आशय शोधणं’ या पहिल्या अंगावर जेफ्री फारसा रेंगाळत नाही. त्याचा खरा प्रश्न असा: सामग्री समोर आहे, तिचं करायचं काय?

गाणं शिकणारा रोज तेच अलंकार-पलटे घोटतो, ते काही मैफलीत म्हणायला नव्हे. गळा हवा तिकडे वळावा म्हणून. जेफ्रीचे आठ-आठ प्रकार हे असे पलटे आहेत. एकच गोष्ट घ्यायची आणि आठ ठिकाणांहून सुरू करून पाहायची.

हात लावण्याआधी घर

पुस्तकातला सर्वांत प्रसिद्ध भाग जेमतेम पंधरा-वीस ओळींचा आहे. घर बांधायचं असेल तर हात घाईने कामाला लागत नाही, असं जेफ्री सांगतो. मनातली आतली दोरी आधी सगळं काम मोजून घेते, आतला माणूस ठरावीक क्रमाने टप्पे आखतो, आणि शरीराचा हात चालण्याआधी मनाचा हात सारं घर उभं करतो. घर डोळ्यांना दिसण्याआधी नमुन्याच्या रूपात तयार असतं. कवीनेही तसंच करावं: हात लेखणीकडे धावू देऊ नये, जीभ शब्दासाठी उतावीळ होऊ देऊ नये.

हा उपदेश गुळमुळीत वाटतो, पण त्यात एक नेमकी सूचना दडलेली आहे. लिहायला बसण्यापूर्वी तीन जागा ठरल्या पाहिजेत: सुरुवात कुठे, मधला पल्ला कुठून कसा जाणार, आणि शेवट कुठे. हे न ठरवता लिहिलं तर काय होतं हे कुठल्याही वर्गात दिसतं. पहिलं कडवं सुरेख, दुसरं बरं, आणि चौथ्यापाशी कवी अडखळतो. कारण पहिल्या कडव्यात जे उधळून टाकलं ते खरं तर शेवटासाठी राखायचं होतं.

सुरुवात कुठून करायची

गोष्ट जशी घडली तशी सांगणं हा जेफ्रीच्या मते ‘नैसर्गिक’ क्रम. तो एकच असतो. घडण्याचा क्रम मोडून सांगणं हा ‘कलात्मक’ क्रम, आणि त्याच्या सुरुवाती आठ. हिशेब सोपा आहे. शेवटापासून सुरू करा, ही एक. मध्यापासून, ही दुसरी. मग एखाद्या सुभाषिताने सुरुवात करा. ते सुभाषित गोष्टीच्या आरंभाला, मध्याला किंवा शेवटाला लागू पडणारं असेल, म्हणून आणखी तीन. तसंच एखाद्या दृष्टान्ताने, त्याच्याही तीन.

उदाहरणासाठी तो एक ग्रीक कथा घेतो. क्रीटचा राजा मिनॉस. त्याचा मुलगा अँड्रोजियस अथेन्समध्ये गुणांनी चमकतो, आणि मत्सरापोटी तिथले लोक त्याला मारतात. बाप सूड घ्यायला सैन्य घेऊन निघतो. वाटेतल्या युद्धात शत्रू राजा निससची मुलगी स्किला मिनॉसच्या प्रेमात पडते आणि त्याच्यासाठी स्वतःच्या बापाचा घात करते. मिनॉस जिंकतो, पण तिला झिडकारतो.

नैसर्गिक क्रमात सुरुवात मिनॉसच्या वैभवापासून होते. मध्यापासून सुरू केलं तर पहिल्याच ओळीत मुलाचा मृत्यू येतो, आणि गोष्ट मत्सराची होते. शेवटापासून सुरू केलं तर समोर येते दगा देऊन दगा पदरात पडलेली स्किला, आणि तीच कथा फसवणुकीची होते. शेवटाला लागू पडणारा जेफ्रीचा दृष्टान्त एका ओळीचा आहे: बाण बरेचदा सोडणाऱ्यावरच उलटतो.

म्हणजे सुरुवात बदलली की गोष्ट कशाविषयी आहे तेच बदलतं. कथा-पटकथा लिहिणारे आज हेच करतात, फक्त त्याला ‘फ्लॅशबॅक’ वगैरे म्हणतात. जेफ्रीचा कल उघडपणे कलात्मक क्रमाकडे आहे. नैसर्गिक क्रम त्याला नापीक वाटतो आणि दुसरा फांद्या फुटणारा. इथे त्याचं मत जरा एकांगी आहे असं मला वाटतं. साध्या क्रमाने सांगितलेल्या उत्तम कथा लॅटिनमध्येही होत्या. पण वर्गात साधा क्रम शिकवावा लागत नाही, तो मुलांना येतच असतो. शिकवावा लागतो तो दुसरा.

विस्तार म्हणजे नेमकं काय वाढवायचं

यानंतर पुस्तकाचा सर्वांत भरगच्च भाग येतो. विस्ताराचे आठ मार्ग: तीच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा सांगणं, थेट नाव न घेता वळशाने सांगणं, तुलना, उघड किंवा झाकलेली, कुणाला तरी उद्देशून हाक मारणं, निर्जीव वस्तूला बोलतं करणं, विषयांतर, वर्णन, आणि एखादी गोष्ट तिच्या विरुद्ध बाजूचा नकार देऊन सांगणं.

निर्जीवाला बोलतं करणं आपण शाळेत चेतनगुणोक्ती म्हणून शिकतो. जेफ्री त्याचं एक भव्य उदाहरण देतो: ख्रिस्ताचा क्रूस माणसांना धर्मयुद्धाला निघण्यासाठी विनवतो. त्यानंतर थोड्याच अंतरावर तो जेवणाच्या मेजावरचं एक विरलेलं कापड बोलतं करतो. ते म्हणतं, तारुण्य होतं, चेहऱ्यावर डाग नव्हता, तेव्हा मी मेजाची शोभा होते. आता म्हातारी झाले, तोंड विद्रूप झालं, समोर यायची इच्छा नाही. मेजा, येते मी.

हे चार-पाच ओळींचं मनोगत मला क्रूसाच्या लांबलचक भाषणाहून जास्त शिकवणारं वाटतं. का, ते सांगतो. क्रूसाजवळ बोलण्यासारखं मोठं काही आधीच आहे. कवीने फक्त दार उघडायचं. कापडाजवळ काहीच नाही. मग त्याला तोंड द्यायचं तर त्याचं आयुष्य बघावं लागतं: ते कुठे होतं, त्याचा मान कशात होता, काय झिजलं, आता ते कुठे जाणार. एकदा हे प्रश्न विचारले की मजकूर आपोआप मिळतो. विद्यार्थ्याला ‘कल्पना लढव’ असं सांगून जे जमत नाही, ते हे चार प्रश्न देऊन जमतं.

हाक मारण्याच्या प्रकाराचं उदाहरण म्हणजे इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड याच्यावरचा विलाप. रिचर्ड फ्रान्समध्ये शालूच्या किल्ल्यासमोर २६ मार्च ११९९ रोजी बाण लागून जखमी झाला आणि ६ एप्रिलला वारला. जखम झाली तो वार शुक्रवार. जेफ्री आधी इंग्लंडला हाक मारतो, मग त्या शुक्रवाराला, मग बाण मारणाऱ्या सैनिकाला, मग मृत्यूला, मग निसर्गाला आणि शेवटी देवाला. या क्रमात चढण आहे. प्रत्येक हाकेला जबाबदार धरलेला आधीच्याहून मोठा होत जातो, आणि शेवटी प्रश्न पोहोचतो खुद्द देवापर्यंत: एवढं चांगलं केलंस तर इतक्या लवकर का नेलंस?

‘पण हा सगळा पाल्हाळ नाही का?’

हा आक्षेप रास्त आहे. आठही मार्ग एकाच कवितेत वापरले तर ती वाचवत नाही. या चुकीचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं: विद्यार्थी विषयाचं वजन न पाहता वाढवत सुटतो. सकाळ झाली एवढंच सांगायचं तिथे वीस ओळी, आणि जिथे राजा मरतो तिथे दोन.

जेफ्रीला हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून विस्तारानंतर लगेच संक्षेप येतो. दोन रस्ते आहेत, रुंद आणि अरुंद. कुठल्याने जायचं ते आधी ठरव, असं तो बजावतो. संक्षेपाचे मार्ग सात: एका शब्दावर सगळा भार टाकणं, छोटे छोटे तुकडे करणं, वाक्यातली घटना कृदंतात गुंडाळणं, पुनरुक्ती टाळणं, सांगितलेल्यावरून न सांगितलेलं कळू देणं, उभयान्वयी अव्ययं काढून टाकणं, आणि अनेक वाक्यं एकात वितळवणं.

यासाठी त्याने घेतलेली गोष्ट मध्ययुगात सर्वश्रुत होती, तिला हिमबालकाची गोष्ट म्हणतात. व्यापारी नवरा दीर्घ काळ परदेशी. मागे बायकोला परपुरुषापासून मूल होतं. नवरा परतल्यावर ती सांगते, हे मूल बर्फापासून झालं. नवरा काही बोलत नाही. मूल मोठं झाल्यावर त्याला बरोबर नेतो, विकून टाकतो, आणि परत येऊन बायकोला सांगतो: ऊन लागलं, वितळला.

जेफ्री ही गोष्ट आधी पाच ओळींत सांगतो. मराठीत तिचा बाज साधारण असा होईल: धन वाढवायला नवरा दूर गेला. व्यभिचारी बायकोला मूल झालं. फार दिवसांनी तो परतला, तेव्हा तिने बर्फाचा बनाव रचला. फसवणूक दोन्हीकडून. तो सावधपणे सोसत राहिला. नेलं, विकलं, आणि आईकडे येऊन तसाच हास्यास्पद बनाव रचला: उन्हात वितळलं.

मग तो तिला दोन ओळींत आवळतो: जे बर्फातून जन्मलं असं व्यभिचारी आई रचते, ते विकून नवरा उन्हात वितळलं असं उलट रचतो.

काय गेलं आणि काय राहिलं, ते ताडून पाहण्यासारखं आहे. परदेश गेला, वर्षं गेली, परत येणं गेलं. राहिलं ते बर्फ, विक्री, ऊन आणि दोन खोटी वाक्यं. लॅटिनमध्ये पहिली ओळ ‘फिंजित’ने संपते आणि दुसरी ‘रेफिंजित’ने, म्हणजे ‘रचते’ला ‘उलट रचतो’ने जवाब मिळतो. साऱ्या कथेचा कणा या दोन क्रियापदांवर उभा आहे. पण माझं मत विचाराल तर पाच ओळींची आवृत्ती सरस आहे. त्यातलं ‘तो सावधपणे सोसत राहिला’ हे दोन ओळींत गळतं, आणि गोष्टीतलं भय नेमकं तिथेच आहे.

संक्षेप करायचा कसा याची कृतीही तो देतो. आधी ज्या नामांत विषयाचा जीव आहे तेवढी नामं मनात गोळा करायची, बाकी सगळं बाजूला सारायचं. मग लोहाराप्रमाणे काम: विषयाचं लोखंड मनाच्या आगीत तापवायचं, अभ्यासाच्या ऐरणीवर ठेवायचं, बुद्धीच्या घणाने ठोकायचं. आधी नामं, मग त्यांना जोडणारी मोजकी क्रियापदं. पूर्ण परिच्छेद लिहून नंतर शब्द छाटण्यापेक्षा ही वाट फार चांगली, कारण छाटलेल्या परिच्छेदात जुन्या वाक्यांचे सांधे तसेच राहतात आणि ते खटकतात.

शब्दाचं मन आधी, चेहरा नंतर

अलंकारांचा भाग सर्वांत लांब आहे. जेफ्री अलंकारांचे दोन गट करतो. ‘कठीण’ अलंकार दहा. त्यांत शब्द आपला मूळ अर्थ सोडून दुसरीकडे जातो, जसं रूपक. ‘सोपे’ म्हणजे शब्दांच्या मांडणीचे, आवृत्तीचे वगैरे, ते ३५. ही गणती त्याची स्वतःची नाही, ती एका प्राचीन रोमन वक्तृत्वग्रंथातून आली आहे.

पण याद्यांच्या आधी तो जी अट घालतो ती विसरता कामा नये. शब्दाचं मन आधी तपास, मग चेहरा. चेहऱ्याच्या रंगावर विश्वास ठेवू नकोस. आतला रंग बाहेरच्या रंगाशी जुळत नसेल तर नुसतं तोंड रंगवणं म्हणजे चिखलाचं चित्र, चुना फासलेली भिंत. अलंकारांचा पुरस्कर्ता म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणसाचे हे शब्द आहेत.

रूपक कसं करायचं हेही तो पायरीने सांगतो. ज्याविषयी बोलायचं त्याच्या जातीबाहेर जा आणि तिथे हेच काम कोणत्या क्रियापदाने सांगतात ते बघ. वसंतात फुलं येतात. माणसांत रंग कोण देतं? चितारी. मग वसंत जमीन रंगवतो. बदल फक्त क्रियापदात झाला. नामं जागेवरच राहिली. नवशिका नेमकी उलटी चूक करतो. तो नामालाच विशेषणांचे हार घालत बसतो आणि क्रियापद ‘आहे’वरच राहतं.

दुसरी कृती शब्दांची जात बदलण्याची. ‘याचं मला दुःख होतं’ असं वाक्य घ्या. त्यातली क्रिया नाम करून टाका: दुःख. आता त्या नामाला नवं क्रियापद लागेल. कुठलं? त्यासाठी आधी दुःख येतं कुठून ते ठरवावं लागतं. जेफ्री पर्याय मांडतो: झरा, मूळ, पीक, उगम. झरा म्हटलं तर दुःख वाहील. मूळ म्हटलं तर रुजेल, फुटेल. पीक म्हटलं तर वाढेल. प्रत्येक निवडीबरोबर भावनेचा वेग बदलतो. मराठीत करून पाहावी अशी ही कृती आहे: एकच साधं वाक्य, त्याची पाच रूपं, आणि मग त्यांतलं एक ठेवून चार खोडायची.

ठेवायचं कुठलं हे ठरवायला तीन न्यायाधीश: मन, कान आणि रूढ वापर. मन अर्थ तपासतं, कान नाद तपासतो, आणि वापर सांगतो की लोक असं बोलतात का. तिघांपैकी एकाने जरी नकार दिला तरी शब्द बदलायचा.

‘यात नवं काय? सगळं उसनंच आहे’

बरंचसं उसनं आहे, हे खरं. काव्यविचार होरेस या प्राचीन रोमन कवीकडून, अलंकारांची यादी रोमन ग्रंथातून, आणि त्याच्या आधी पंचवीसेक वर्षं मॅथ्यू ऑफ व्हांदोम या फ्रेंच शिक्षकाने पद्यलेखनावर पाठ्यपुस्तक लिहिलंच होतं. जेफ्रीचं योगदान आहे ते क्रमात. मॅथ्यू शब्द, विशेषण, ओळ यांच्यापाशी अधिक घोटाळतो. जेफ्री आधी संपूर्ण रचनेचा विचार करायला लावतो, मग विस्तार की संक्षेप याचा निर्णय, आणि त्यानंतर अलंकार. निर्णय मोठ्याकडून लहानाकडे उतरत जातात. शिवाय ३५ सोपे अलंकार तो सुट्या उदाहरणांनी शिकवत नाही. माणसाचं पतन आणि उद्धार या विषयावरच्या एका सलग कवितेत ते ओळीने गुंफतो. अलंकार ओळखणं सोपं, एकातून दुसऱ्यात सरकणं अवघड, आणि ते त्याशिवाय दाखवता येत नाही.

‘चॉसरने तर त्याची थट्टा केली’

इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांना जेफ्रीचं नाव बहुधा या थट्टेमुळेच माहीत असतं. चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर याच्या एका कथेत कोल्हा कोंबड्याला पळवतो, दिवस शुक्रवारच, आणि निवेदक गळा काढतो: हे प्रिय गुरू जेफ्री, रिचर्ड राजासाठी तू केलास तसा विलाप मला का येत नाही! कोंबड्यासाठी राजाचा विलाप, विसंगतीतून विनोद.

पण ही थट्टा कळायची तर ऐकणाऱ्यांना तो विलाप माहीत हवा. शिवाय याच चॉसरने ट्रोइलस आणि क्रिसेड यांच्या प्रेमकथेत घर बांधण्याचा उतारा जवळजवळ जसाच्या तसा इंग्रजीत उतरवला आहे, तिथे थट्टेचा लवलेश नाही. आणि विषयाच्या वजनाशी न जुळणारी भाषा हास्यास्पद होते, हा नियम जेफ्रीनेच सांगितला होता. विनोदी विषयाला घडवलेली भाषा चालत नाही, तिथे साधे बोलीतले शब्दच हवेत, आणि कधी कधी अलंकार टाळणं हाच अलंकार असतो, असं त्याचं स्पष्ट म्हणणं आहे. चॉसरने तो नियम जाणूनबुजून मोडून हसू मिळवलं.

जिथे पुस्तक खरंच कमी पडतं

वर्णनाच्या प्रकरणात सुंदर स्त्रीचं वर्णन कसं करावं हे जेफ्री दाखवतो. केसांपासून सुरू करायचं, कपाळ, भुवया, डोळे, ओठ, मान, असं करत पावलांपर्यंत उतरायचं. पाठ करायला सोपं, म्हणून शिकवायला सोपं, आणि म्हणूनच घातक. डोक्यापासून पायांपर्यंतचा हा साचा पुढे युरोपभर इतका झिजला की त्यातल्या बायका एकमेकींपासून ओळखू येत नाहीत.

कापडाच्या मनोगतात आणि या वर्णनात फरक कुठे पडतो? कापडाच्या वेळी कृती प्रश्न विचारायला लावत होती. इथे ती उत्तरंच हातात ठेवते. केस सोनेरी, दात बर्फासारखे, ओठ ज्वाळेसारखे. शिकणाऱ्याने पाहायचं काही उरतच नाही. सरसकट नियम वाईट नसतात. जो नियम बघण्याचं काम शिकणाऱ्याकडून काढून घेतो, तो त्याला अधू करतो. संगणकाकडून कविता करून घेताना बिघडतं ते बहुधा इथेच: उपमा तयार मिळते, आणि ती शोधताना जे दिसलं असतं ते दिसत नाही.

तयारी कशाने होते, याबद्दल जेफ्री तीन गोष्टी सांगतो: शास्त्र, सराव आणि चांगल्यांचं अनुकरण. शास्त्र चुका टाळायला, सराव हात चालायला, अनुकरण कानासाठी. यांपैकी एकावरच भिस्त ठेवली तर काय होतं, ते वरच्या साच्यात दिसतंच.

म्हणून दाखवण्याच्या तीन जिभा

शेवटचं अंग म्हणजे सादरीकरण. कविता तेव्हा मोठ्याने म्हटली जाई, त्यामुळे लिहून झाली तरी काम संपत नसे. म्हणणाऱ्याला तीन जिभा असाव्यात, असं जेफ्री म्हणतो: एक तोंडाची, दुसरी चेहऱ्याची, तिसरी हावभावाची. तोंडाची जीभ शब्दाच्या अर्थाप्रमाणे थांबते आणि वळते. जिथे अर्थ जोडलेला आहे तिथे तोडायचं नाही आणि जिथे तुटतो तिथे ओढत न्यायचं नाही. चेहरा विषयाबाहेर जाता कामा नये. हात आवाजाच्या पुढे धावता कामा नये.

रागाचा प्रसंग म्हणायचा असेल तर खरा राग हुबेहूब दाखव, पण स्वतः संतापू नकोस. त्या माणसासारखा थोडासा हल, पूर्ण नव्हे. आवाजाला धार यावी, चेहरा पेटावा, हालचाल अस्वस्थ व्हावी, आणि तिन्ही एकाच मापाच्या असाव्यात. आवाज चढला आणि चेहरा कोरा राहिला की ऐकणाऱ्याला आरडाओरडा ऐकू येतो, राग नव्हे. उलट हात फार चालले की लोक हाताकडे बघतात आणि ओळ निसटते. सरावासाठी म्हणूनच तीच ओळ आधी नुसत्या आवाजाने म्हणावी, मग आवाज न करता चेहऱ्याने, मग फक्त हाताने, आणि तिन्ही स्वतंत्रपणे जमल्याशिवाय एकत्र करू नये.